मेलेल्या गाईचा बिल्ला

त्या घरात सगळे त्याला मालक म्हणत. शेजारी म्हणत, डेअरीवाले म्हणत, त्याची बायकोही चारचौघांत मालकच म्हणे. मालकी काय ती त्याच्याकडे होती आणि गोठा बायकोकडे होता. शेण काढायचं तिनं, पाणी दाखवायचं तिनं, आचळं धुवायची तिनं, अडलेल्या गाईच्या मागे गुडघ्यावर बसून वासराचे पाय ओढायचे तिनं. मालक दाराशी खुर्ची टाकून बसे आणि कोणी आलं की म्हणे, "गुरं म्हटली की जीव तोडावा लागतो हो."

त्या सकाळीही असंच चाललं होतं. आईचं (मुलगी लग्न होऊन सासरी गेली तरी मालकाच्या बायकोला सगळी आळी आईच म्हणे) दूध काढणं आटोपत आलं होतं आणि ठिपकी नावाची गाय तिच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याचं टोक तोंडात धरून ओढत होती. वासरू असल्यापासूनची ती खोड. आई हात न थांबवता म्हणायची, "सोड गं, बाई. डोकं उघडं करशील माझं." मग ठिपकी सोडायची आणि पुन्हा धरायची.

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. मागच्या खेपेला त्यांनी साऱ्या गुरांचं रक्त तपासायला नेलं होतं. ते खुर्चीवर बसले नाहीत, चहा नको म्हणाले, आणि तिथंच ओळखावं की बातमी बरी नाही.

"मालक, तुमच्या ठिपकीला सांसर्गिक गर्भपाताचा रोग आहे."

"हिला? अहो, बघा तरी तिच्याकडे! कशी तुकतुकीत आहे."

"दिसायला अशीच दिसते. पण दिवस भरत आले की गाभडणार. त्या वेळी जे बाहेर पडतं, पाणी, वार, मेलेलं वासरू, त्या सगळ्यात रोग भरलेला असतो. उघड्या हातानं शिवायचं नाही. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही. हा रोग माणसालाही होतो. गरोदर बाईला तर या गाईच्या आसपास फिरकूही देऊ नका, पोट पडतं. गाय वेगळी बांधा, आणि विकायची नाही. तिच्या नंबरावर मी नोंद केली आहे."

नंबर म्हणजे कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा. प्रत्येक गुराला एक बिल्ला. कोणती लस टोचली, किती वेतं झाली म्हणजे किती वेळा व्याली, कोणता रोग निघाला, सगळं त्या नंबरावर चढतं. जनावर मेलं की कळवायचं, म्हणजे तो नंबरही बंद होतो. एवढा साधा नियम. पण पोराच्या दाखल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवणारी माणसंसुद्धा हा नियम ऐकून हसतात. गुरांना कसला आलाय दाखला, म्हणतात.

"कालवड असताना हिला लस दिली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

मालकानं आभाळाकडे बघितलं. लस द्यायला माणूस दारात आला होता. लसीनं पुढे दूध आटतं असं कुणीतरी पारावर सांगितलं होतं, म्हणून मालकानंच त्याला चहा पाजून वाटेला लावला होता. पारावरच्या शहाण्यांचं ऐकायला आपल्याकडे कोणाची ना नसते, शिकून आलेल्याचं मात्र पारखून घ्यायचं असतं.

डॉक्टर गेले. मालक बराच वेळ कानात काडी घालून बसला. मग त्यानं दलालाला फोन लावला.

आता इथं त्या आळीची एक रीत सांगायला हवी. आळीत तिला 'दुखणं चालवून देणं' म्हणत. गोठ्यात रोग शिरला की गुराचं औषधपाणी करण्यापेक्षा त्याला चालवून द्यायचं, म्हणजे लांबच्या बाजारात नेऊन विकायचं, जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही. ज्यानं घेतलं तो पुढे चालवून देतो. यात कोणाला लाज वाटत नसे. उलट ज्यानं वेळेत चालवलं तो हुशार, आणि ज्याच्या दाव्याला जनावर मेलं तो बावळट. बापानं केलं, आजानं केलं, म्हणून मुलानं करायचं. बिल्ले आल्यावर ही रीत मोडेल असं सरकारला वाटलं असेल. आळीला तसं वाटलं नाही.

ठिपकीची आई, थोरली ठिपकी, हिवाळ्यात म्हातारपणानं गेली होती. मालकानं ते कळवलं नव्हतं. तिचा कान कापून बिल्ला काढून घेतला होता आणि तो फळीवरच्या डब्यात, खिळ्यांमध्ये ठेवून दिला होता. उपयोगी पडेल म्हणून. असे डबे त्या आळीत घरोघरी होते.

दलाल दुपारी आला. बिल्ला एकदा टोचला की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तोडला की पुन्हा बसत नाही, अशीच त्याची घडण असते. पण दलालाच्या हातात कला होती. चांगल्या कामासाठी वापरली असती तर त्याला लोकांनी कारागीर म्हटलं असतं.

"अगं, डोकं धर जरा तिचं," मालक म्हणाला.

आईनं दावं धरलं, पण हात सैल होता. "अहो, गाभण आहे ती. ज्या घरी जाईल तिथं एखादी बाई असेल. तीच उचलणार ना सगळं? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही?"

"तिथं कोण आहे हे आपल्याला काय ठाऊक?"

"तेच म्हणते मी. ठाऊक नाही."

"मग ठाऊक नाही त्याचा घोर कशाला? घट्ट धर."

तिनं घट्ट धरलं. हे मी झाकून ठेवणार नाही, कारण पुढे तिनंही झाकलं नाही. डाव्या कानाचा लचका तुटला, रक्त तिच्या मनगटावर आलं, ठिपकी ओरडली नाही, नुसती थरथरली. मग उजव्या कानात थोरलीचा बिल्ला बसला. संध्याकाळी मालकानं तुटका बिल्ला गुरांच्या दवाखान्यातल्या कारकुनाकडे नेऊन दिला आणि ठिपकी मेली, पुरून टाकली, असं कळवलं. कागदावर मेलेली थोरली जिवंत झाली आणि जिवंत लेक मेली. गाडी निघताना ठिपकीनं आईचं फडकं धरलं, आणि दलालानं तिच्या तोंडावर चापट मारून ते सोडवलं.

मालकाची मुलगी लांबच्या गावी दिली होती. नवऱ्याचा दुधाचा धंदा होता, घर हवेशीर होतं, सासू तोंडाची फटकळ पण कामाला वाघ. मुलीला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पोटाकडे बघून सासूनं तिला स्वयंपाकातून सूट दिली होती, गोठ्यातून मात्र नाही. गोठ्याचं काम चालतंफिरतं असतं, त्यानं बाळंतपण सोपं जातं, असं सासूचं म्हणणं. स्वतः तिनं कित्येक वर्षांपूर्वी ते काम सोडलं होतं, पण तो विषय निघत नसे.

एक दिवस मुलीचा फोन आला. "आई, मध्यंतरी यांनी नवी गाय आणली होती ना, ती काल गाभडली गं. मीच सगळं आवरलं. वार अडकली होती, तुझ्यासारखी हातानं हळूहळू सोडवली. फार गुणी आहे बिचारी. आपल्या ठिपकीसारखीच ठिपक्यांची आहे."

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"काय पडलं गं?"

"काही नाही. हात धुतलेस ना? साबणानं?"

"मग! धुतल्याशिवाय जेवीन का मी?"

आईनं मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, जगात ठिपक्यांची गाय एकच असते का. ती म्हणाली, फोन करून सांगूया तरी, तपासून घ्या म्हणून. तो म्हणाला, "आणि कसं कळलं म्हणून विचारलं तर? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ?" तिनं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्यानं ताट भिरकावलं. ती गप्प बसली. बायका गप्प बसतात म्हणून घरं टिकतात, असं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. कुणाचं काय मोडून टिकतात, ते कोणी सांगत नाही.

त्यानंतर मुलीला ताप येऊ लागला. रोज संध्याकाळी अंग तापायचं, घामानं कपडे भिजायचे, कंबर आणि गुडघे धरायचे. सासू म्हणाली नाजूकपणा. गावातल्या डॉक्टरनं तापाच्या गोळ्या दिल्या, गोठ्यात काय झालं हे त्यानं विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. एका सकाळी दुधाच्या किटल्या भरत असताना मुलगी ओट्याला धरून खाली बसली आणि तिचं पोट पडलं. मुलगा होता. पूर्ण घडलेला, बोटांना नखं आलेला.

चार दिवसांनी जावयाच्या घरून निरोप आला, येऊन बोलून जा.

पुढच्या खोलीत सगळे बसले. मुलगी आतल्या खोलीत पलंगावर होती, दार अर्धं उघडं. सासूनं चहा दिला, आणि कप खाली ठेवायच्या आतच सुरुवात केली.

"स्पष्टच बोलते, विहीणबाई. गाय गाभडली, मागोमाग दुसरी गाभडली, आणि आता हिचं हे. एकाच घरात, एकाच पावसाळ्यात. तुमची मुलगी पांढऱ्या पायाची आहे. काही दिवस घेऊन जा तिला. बघू मग पुढचं पुढे."

'काही दिवस' या शब्दांचा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होता. अशा काही दिवसांना गेलेल्या मुली माहेरच्या ओट्यावर म्हाताऱ्या होतात. जावई पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. मालकानं घसा साफ केला आणि म्हणाला, "तुमचंही खरंच आहे म्हणा. नेतो आम्ही तिला."

आईनं त्याच्याकडे बघितलं. या माणसानं डॉक्टरांचं बोलणं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं, आणि आता तो मान डोलावत होता. ती उठली.

"हात धुऊन येते," म्हणाली, आणि मागच्या दारानं गोठ्यात गेली.

गोठा स्वच्छ होता, मुलीच्या हातचा. शेवटच्या दावणीला एक गाय पाठमोरी उभी होती. आई जवळ गेली. गाईनं मान वळवली, नाक पुढे केलं, आणि तिच्या डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडात धरून ओढलं.

डाव्या कानाचा लचका गेलेला होता. उजव्या कानात थोरलीचा नंबर होता.

"सोड गं, बाई," आई म्हणाली, आणि तिथंच शेणात बसून रडली. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं खरोखरच हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, आणि पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली. बसली नाही.

"जावईबापू, ती शेवटची गाय कुठून घेतलीत?"

"दलालाकडून, बाजारातून. का हो आई? मी बघून घेतली होती. नंबर टाकून तपासली, कोणताही रोग नाही, सगळ्या लसी झालेल्या."

"नोंदीत वेतं किती होती?"

जावई जरा घुटमळला. "आठ. पण दात बघितले तर तरुण होती. म्हटलं, नोंद करणारा चुकला असेल."

"आणि म्हाताऱ्या गाईच्या भावात तरुण मिळतेय, तर कशाला विचारा?"

जावयाचा चेहरा उतरला. मालक उठून उभा राहिला. "चल आता. गाडी चुकेल."

"चुकू द्या." तिचा आवाज चढला नव्हता, पण मालकानं तो कधी ऐकलेला नव्हता. "विहीणबाई, माझ्या मुलीचे पाय तुमच्या-माझ्यासारखेच आहेत. ती गाय आमच्या गोठ्यातली आहे. तिला गाभडण्याचा रोग आहे, तो माणसाला होतो, गरोदर बाईचं पोट पडतं, हे डॉक्टरांनी आम्हाला समोर उभं राहून सांगितलं होतं. तिच्या कानातला बिल्ला तिच्या मेलेल्या आईचा आहे. तो ह्यांनी बसवून घेतला. आणि तिचं डोकं मी धरलं होतं."

"डोकं फिरलंय हिचं!" मालक ओरडला. "दुःखानं भ्रमिष्ट झालीय. गप्प बस म्हणतो ना!"

आतलं दार उघडलं. मुलगी चौकटीला धरून उभी होती. अंगावर शाल, ओठ सुकलेले.

"बाबा, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

मालक दाराकडे वळला.

"सांगितलं होतं का?"

"अगं, पण मला काय ठाऊक, ती फिरत फिरत तुझ्याच घरी येईल? ठाऊक असतं तर जन्मात विकली असती का मी? माझी पोटची पोर तू!"

मुलगी चौकट सोडून पुढे आली.

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पोरीकडे गेली असती तर चाललं असतं."

त्यावर मालक खाली बसला. आळीत ज्यानं एकदा तरी आपल्या दावणीचं दुखणं चालवून दिलं, त्यानं कुणाच्या तरी पोरीकडे ते पाठवलंच होतं. फक्त तिचं तोंड बघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

आता वाटेल, सासूला पश्चात्ताप झाला असेल. तसं काही झालं नाही. ती शहाणी बाई होती. तिनं पटकन हिशेब जुळवला आणि मुलाला म्हणाली, "झालं गेलं. आता बोभाटा नको. डॉक्टर आला तर सगळा गोठा बंद पडेल, दूध कोणी घेणार नाही. त्या दलालाला फोन कर. आजच गाय घेऊन जा म्हणावं."

आणि जावयानं फोन काढला! ज्याचा मुलगा चार दिवसांपूर्वी गेला, त्या माणसानं फोन काढला. रीत अशीच मुरते. ज्याला तिनं मारलं, तोही पुढच्याला मारायला उठतो, आणि आपण फक्त व्यवहार करतोय असं त्याला वाटतं.

दलाल जवळच्याच बाजारात होता. तासाभरात त्याची गाडी दारात आली. त्यानं मालकाला ओळखलं, मालकानं त्याला ओळखलं, आणि दोघांनी दोन दिशांना बघितलं. तो दावं सोडायला गोठ्याकडे निघाला, तर गोठ्याच्या दारात मुलगी बसलेली. तिच्या बाजूला तिची आई. दोघींनी मिळून दार अडवलं होतं.

"बाजूला व्हा वहिनी, गाडी खोळंबलीय."

"कुणाच्या घरी नेणार?"

"आता ते कसं सांगू? बाजार आहे. जो घेईल त्याच्या."

"मग आधी घर ठरव. तिथल्या बाईला इथं घेऊन ये. गाभडलेलं ती उचलणार, तिला मी सांगते काय होतं ते. माझ्या तोंडाकडे बघून ती हो म्हणाली, तर ने."

दलाल हसला. "अहो वहिनी, सगळेच करतात."

"माहीत आहे. म्हणून तर इथं बसलेय."

जावई पुढे आला. "ऊठ, अंगात ताप आहे तुझ्या. आपण आत बोलू."

"मला उचलून बाजूला करणार असाल तर करा," मुलगी म्हणाली. "वार मी उचलली, बाळ मी गमावलं, पांढऱ्या पायाची मी ठरले. आता गाय तुम्ही न्यायची आणि पुन्हा गप्प मीच बसायचं? नाही बसणार. ही गाय या दारातून डॉक्टर आल्याशिवाय हलणार नाही."

जावई तिच्याजवळ गेला. सगळ्यांना वाटलं, आता हात धरून ओढणार. पण त्यानं दलालालाच सांगितलं, गाडी फिरव. फार मोठं काही केलं असं नाही, पण त्या घरात तेवढंही आजवर कोणी केलं नव्हतं. गुरांच्या डॉक्टरला फोन आईनंच केला.

पुढे व्हायचं ते झालं. दोन्ही गोठ्यांची तपासणी झाली, बरीच गुरं दूषित निघाली, दूध बंद झालं. मालकावर कारवाई झाली, आणि आळीतल्या घरांमधले ते खिळ्यांचे डबे रातोरात विहिरीत गेले. ठिपकीला तिच्या स्वतःच्या नावानं नवा बिल्ला बसला आणि तिला नियमानुसार इतर गुरांपासून दूर नेण्यात आलं. माणसांच्या डॉक्टरला आता खरी गोष्ट कळली तेव्हा मुलीला खरं औषध सुरू झालं. सांधे अजून दुखतात. पुढे मूल होईल की नाही हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

पारावर मात्र एकच चर्चा. बायकोनं नवऱ्याची अब्रू वेशीवर टांगली, घर बुडवलं. बुडवणाऱ्याचं नाव कोणी घेईना, जिनं बोट दाखवलं तिचं बोट वाईट. आई माहेरीही गेली नाही आणि मालकाच्या पाया पडायलाही गेली नाही. ती मुलीजवळच राहिली.

हल्ली मुलगी बरं वाटेल त्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांबरोबर गावोगाव जाते. पगार नाही, हुद्दा नाही. पिशवीत हातमोजे असतात. गोठ्यापुढे गाडी थांबली की त्या त्या घरातला मालक बाहेर येतो, खुर्ची पुढे सरकवतो आणि म्हणतो, "बोला, काय म्हणता?" डॉक्टर बिल्ल्यांचे नंबर बघायला आत जातात. ती मात्र खुर्चीवर बसत नाही.

"तुमच्याकडे काम नाही," ती म्हणते. "गाय गाभडली तर उचलतं कोण, त्यांना बाहेर बोलवा."

बहुतेक घरी मालक चिडतो. काही घरी गाडी आल्या पावली फिरवावी लागते. पण मालकाच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराआड, हातातलं काम थांबलेलं असतं. ती तिथं बघून पुन्हा तेच म्हणते, जरा मोठ्यानं, आणि कोणीतरी हात पुसत बाहेर येईपर्यंत उभी राहते.